काम बोलतं, पण ऐकतं कोण?

गेल्या वर्षी जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेची गर्दी ओसरत आली होती तेव्हाची गोष्ट. माझ्याकडे आर्टिकलशिप करणाऱ्या एका मुलीनं शनिवारची रजा मागितली. पुण्यात फायनान्समधल्या लोकांचा एक मेळावा होता. पंधराशे रुपये फी, सकाळी हुतात्मा एक्सप्रेसनं जायचं, रात्री परत यायचं.

"तिथं जाऊन करणार काय?" मी विचारलं.

"ओळखी होतील, सर."

मी हसलो. म्हणालो, "ओळखींवर नोकरी मिळवायची असेल तर ऑडिट शिकतेस कशाला? काम नीट कर. काम बोलतं." रजा मी नाकारली नाही. पण दिली ती अशा चेहऱ्यानं, की ती गेली नाही. शनिवारी नेहमीच्या वेळेला टेबलावर येऊन बसली. त्या दिवशी मला त्याचं बरंच वाटलं होतं.

"काम बोलतं" हे माझं आवडतं वाक्य. पंचवीस वर्षांच्या व्यवसायात मी कुणाच्या दारात गेलो नाही, हेही मी चारचौघांत सांगतो. दोन्ही खरं आहे, पण अर्धंच. माझे वडील, अण्णा, चाटी गल्लीतल्या एका कापडाच्या पेढीवर तीस वर्षं दिवाणजी होते. मी ऑफिस थाटलं तेव्हा पहिली सात कामं आली ती अण्णांना ओळखणाऱ्या व्यापाऱ्यांकडून. "दिवाणजींचा मुलगा आहे, हिशेबाला चोख असणार," एवढ्यावर. मी कुणाच्या दारात गेलो नाही, कारण दारं आधीच उघडी होती. ती उघडी ठेवण्यासाठी अण्णांनी किती लग्नांत आहेर नेले, किती जणांच्या दुखण्याखुपण्याला दवाखान्यात बसले, याचा हिशेब मात्र मी कधी मांडला नाही.

त्या मुलीचे वडील पूर्व भागात यंत्रमागावर काम करतात. माणूस अण्णांइतकाच सरळ आहे, त्यांना ओळखणारेही पुष्कळ आहेत. पण त्यांच्या ओळखीत ऑडिटर लागणारा किंवा फायनान्सवाल्याला नोकरी देणारा कुणी नाही. मग तिनं पंधराशे रुपये भरून ओळख मिळवायला जावं, यात हसण्यासारखं काय होतं? मला जे वारशानं मिळालं, ते ती विकत घेऊ पाहत होती. वारसा आपल्याला स्वच्छ वाटतो आणि खरेदी बाजारू.

अशा मेळाव्यांवर दोन आक्षेप घेतले जातात. एक, त्यांचा उपयोग होत नाही. दोन, माणसांकडे उपयोगाच्या नजरेनं पाहणं बरं नव्हे. दोन्ही आक्षेप माझे होते, म्हणून दोन्ही नीट तपासायला हवेत.

पहिल्यात तथ्य आहे. पॉल इंग्राम आणि मायकेल मॉरिस या अभ्यासकांनी २००७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात नोकरी-व्यवसायातल्या शंभरेक जणांची एक संध्याकाळ त्यांनी भरवली आणि कोण कुणाशी किती बोलतं याची नोंद घेणारे इलेक्ट्रॉनिक बिल्ले त्यांना लावले. नवी माणसं भेटावीत अशी बहुतेकांची इच्छा होती. प्रत्यक्षात लोक जास्त करून आधीच्या ओळखीच्यांकडेच ओढले गेले. हे वाचून मला सात रस्त्याजवळच्या हॉटेलातली एक संध्याकाळ आठवली. दोन तास मी तिथं होतो, बोललो त्याच तीन मित्रांशी, ज्यांना रोज फोन करतो. खिशात वीस व्हिजिटिंग कार्डं घेऊन घरी आलो. त्यातलं एकही पुन्हा पाहिलं नाही.

पण याला दुसरी बाजू आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली दाखवलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती जवळच्या मित्रांकडून नव्हे, तर अधूनमधून भेटणाऱ्या माणसांकडून कळली होती. कारण साधं आहे. आपल्या जवळच्यांना जे माहीत असतं, ते आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी दुसऱ्या गल्लीतून येते. जिची सगळी ओळख एकाच गल्लीत आहे, तिला या दूरच्या ओळखींची गरज सगळ्यात जास्त.

आपल्या सोलापूरचंच उदाहरण घेऊ. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालचा, इथल्या सधन व्यापारी घरातला. घरच्या धंद्यात त्यांचं मन रमेना. त्यांना लक्ष्मणराव फाटक भेटले. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते आणि नंतर ठेकेदारीकडे वळले होते. रेल्वेची कामं कशी निघतात, कशी चालतात, हे त्यांना माहीत होतं. भांडवल वालचंदांकडून आलं. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून या भागीदारीची सुरुवात झाली. पुढे १९३९ साली प्रवासात वालचंदांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. ही गोष्ट सांगताना लोक "योगायोग" म्हणतात. पण पॉलीनं ज्याचं बोलणं गंभीरपणे ऐकलं, त्या माणसाच्या पाठीशी तोवर सिंधिया कंपनीची जहाजं होती. भेटीनं दार दाखवलं. आत जाण्याइतकी पत आधी कमावलेली होती. आणि पहिल्या भागीदारीत दोघंही एकमेकांच्या उपयोगाचे होते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यात कुणाचा अपमान झाला नाही.

इथं दुसरा आक्षेप येतो. माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, असं कांट सांगतो. हे वाक्य आपण उद्धृत करतो तेव्हा त्यातला "केवळ" हा शब्द गाळतो. मंडईतल्या भाजीवालीशी माझा संबंध कामापुरताच आहे. त्यात वाईट काही नाही, जोवर मी तिच्याशी माणसासारखा बोलतो. वाईट असतं ते सोंग. काम असताना घरोबा दाखवायचा आणि काम झालं की फोन उचलायचा नाही, हे सोंग. त्या मानानं मेळाव्यात एक प्रामाणिकपणा आहे: सगळे कशाला आलेत ते सगळ्यांना माहीत असतं. आमच्याकडची हुरडा पार्टी आठवा. शेतावर आगटी पेटलेली, हुरड्याबरोबर शेंगाचटणी, दही, गूळ. सतरंजीवर कर्ज मागणारा आणि कर्ज मंजूर करणारा शेजारी शेजारी. कामाचं कुणी बोलत नाही, आणि काम मात्र झालेलं असतं. तिला आपण नेटवर्किंग म्हणत नाही, पाहुणचार म्हणतो.

पैशाच्या व्यवसायात हा फरक जपावाच लागतो. चार्टर्ड अकाउंटंटांच्या १९४९ च्या कायद्यात, प्रत्यक्ष वा आडून, भेटीगाठी घेऊन काम मागणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेलं आहे. विद्यार्थी असताना मला हा निव्वळ शिष्टाचार वाटायचा. आता त्याचं कारण कळतं. ज्याच्याकडे मी काम मागायला गेलो, त्याच्या ताळेबंदाखाली सही करायला नकार देताना माझी जीभ अडखळणार. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्याशी फार घसट नको. पण ज्यांच्याकडून शिकायचं, ज्यांच्या हाताखाली काम मिळवायचं, त्यांच्या ओळखीला हा नियम लावणं म्हणजे नैतिकतेच्या नावाखाली दार लावून घेणं आहे. मी तेच केलं होतं.

मराठीत दोन शब्द आहेत, ओळख आणि वशिला. आपण ते एकाच पिशवीत टाकतो. माझ्यापुरता मी आता फरक असा करतो: ज्यामुळे आपलं काम कुणीतरी तपासून पाहतं, ती ओळख. ज्यामुळे तपासणीच टळते, तो वशिला. ओळख माणसाला परीक्षेपर्यंत नेते, वशिला परीक्षेतून सोडवतो. मेळावा कामाचा की बिनकामाचा, हे यावरून ठरावं. पाठीशी काम नसेल तर तो चहा-बिस्किटांचा खर्च आहे. काम असेल आणि ते कुणाच्या कानावर जाण्याची सोय नसेल, तर ते पंधराशे रुपये महाग नाहीत.

हे सगळं सुचायला मला काही महिने लागले. दिवाळीनंतर मी पुण्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला तिच्यासाठी फोन केला. त्यानं एकच विचारलं, "कामाला कशी आहे?" मी त्याला एका टॉवेल कारखान्याची गोष्ट सांगितली. वहीतलं सूत आणि गोदामातलं सूत जुळत नव्हतं. मालक म्हणाला, मोजण्यात चूक झाली असेल. ही दुसऱ्या दिवशी परत गेली आणि सगळं पुन्हा मोजून आली. चूक मोजण्यात नव्हती. मित्र म्हणाला, "परीक्षा झाली की पाठव. मुलाखत घेईन. पुढचं तिचं ती बघेल." मला एवढंच हवं होतं.

यंदा तो मेळावा पुन्हा भरला, तेव्हा रजा मीच दिली, आणि या वेळी चेहरा सांभाळून. सोमवारी ती आली तेव्हा विचारलं, "किती ओळखी झाल्या?"

"दोनच माणसांशी नीट बोलले, सर."

वहीत तिनं दोन नावं लिहिली होती आणि प्रत्येकानं तिला काय विचारलं तेही. त्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर तिला देता आलं नव्हतं. तो तिनं मला विचारला. मलाही नीट सांगता येईना. मग आम्ही दोघांनी कपाटातून पुस्तक काढलं आणि शोधायला बसलो.