स्वस्त खोलीची किंमत

माणूस प्रवासाला निघतो तेव्हा चार कपड्यांबरोबर आपला स्वभावही बांधून नेतो. घरी तो झाकलेला असतो. परक्या मुलखात, परक्या लोकांत तो उघडा पडतो. आमचा तो पॅरिसमध्ये उघडा पडला.

2023 च्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही नवरा-बायको लंडनला मामूंच्या मुलीच्या निकाहसाठी गेलो होतो. दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक. वेतन आयोगाच्या फरकाचे पैसे आणि दोन वर्षांची भिशी, एवढ्यावर हा प्रवास बेतलेला. लंडनहून आगगाडीने सव्वादोन तासांत पॅरिस येते असे कळले आणि दोन रात्री तिथेही काढायचे ठरले.

गार द्यू नॉर्द स्टेशनजवळच्या एका गल्लीत सर्वांत स्वस्त हॉटेल मिळाले. सहावा मजला, लिफ्ट नाही, गोल फिरत जाणारा अरुंद लाकडी जिना. खोली थेट छपराखाली. भिंतीवरचा कागद ओलीने सुटलेला, बेसिनला तडा, खिडकी अर्धीच उघडणारी. एकोणिसाव्या शतकात ओस्मान या अधिकाऱ्याने जुने पॅरिस पाडून रुंद रस्ते आणि देखण्या इमारती उभ्या केल्या. त्या इमारतींत खालच्या मजल्यांवर श्रीमंत राहत आणि छपराखालच्या खोल्यांत त्यांच्या मोलकरणी. आमची खोली तशीच एक असावी असे वाटून आम्ही हसलो. हैदराबादचे डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांच्यासारख्या विद्वानाने याच शहरात अनेक दशके साधेपणाने काढली, मग आपल्याला दोन रात्री काय जड आहेत, अशी मनाची समजूतही घातली.

पण चादर उलगडली तर तिच्यावर तळहाताएवढा पिवळा डाग. इथे आमचा सब्र संपला. खाली जाऊन मोडक्यातोडक्या इंग्रजीत तक्रार केली. चादर बदलून मिळाली.

सकाळी खाली उतरलो तेव्हा काउंटरवरच्या माणसाने एका बाईला आमच्यासमोर उभे केले. उंच, सावळी, डोक्याला रंगीत फडके बांधलेली. आदल्या दिवशी जिन्यात भेटली तेव्हा तिने आम्हाला ओळखीच्या माणसासारखा सलाम केला होता. तो माणूस डागाळलेली चादर हातात घेऊन तिच्यावर ओरडत होता. फ्रेंच आम्हाला कळत नाही, पण ओरडणे कळायला भाषा लागत नाही. तिने आमच्याकडे पाहिले नाही. आम्हीही काही बोललो नाही. पास काढायचा होता, उशीर होत होता.

त्या रात्री आयफेल टॉवर पाहिला. अंधार पडल्यावर दर तासाला वीस हजार दिवे काही मिनिटे लुकलुकतात. गर्दीने टाळ्या वाजवल्या. फोटोही छान आले. पण परतताना आम्ही दोघेही गप्प होतो.

तो डाग काही तिचा नव्हता. धुवूनही न निघालेला, जुन्या चादरीचा डाग होता तो. नवी चादर घ्यायची की नाही हे मालक ठरवतो. मग आमची तक्रार पोहोचली कुठे? जिथे सर्वांत कमी बळ होते तिथे.

थोडा हिशेबही करून पाहिला. आमची खोली स्वस्त कशी झाली? जागेचे भाडे कमी होत नाही, विजेचे बिल कमी होत नाही, मालक आपला नफा सोडत नाही. दाबून कमी करता येते ती एकच गोष्ट, खोली झाडणारीचा वेळ आणि तिची मजुरी. म्हणजे आम्ही वाचवलेल्या पैशांतला काही भाग तिच्या अंगावरून आला होता. आपण होऊन पत्करली तर सादगी. दुसऱ्याच्या डोक्यावर लादली तर तिला ते नाव शोभत नाही.

कोणी म्हणेल, मग महागड्या हॉटेलात उतरा. तेही उत्तर नाही. याच पॅरिसच्या बातिन्योल भागातल्या एका मोठ्या, नावाजलेल्या हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या सुमारे वीस कामगारांनी जुलै 2019 मध्ये लढा सुरू केला. बहुतेक आफ्रिकेतून आलेल्या स्त्रिया, ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्या. बावीस महिन्यांनी, मे 2021 मध्ये, त्यांना पगारवाढ, जेवणभत्ता आणि कामाचा कमी केलेला वेग मिळाला. त्यांच्यातल्या राशेल केके 2022 मध्ये फ्रान्सच्या संसदेवर निवडून आल्या. खोलीचे भाडे जास्त असले म्हणून झाडणारीला तिचा हक्क मिळतोच असे नाही, हे त्यांनी जगाला दाखवले.

मग पाहुण्याने घाण मुकाट्याने सोसावी का? नाही. स्वच्छ अंथरूण हा त्याचा हक्क आहे. आमची चूक तक्रार करण्यात नव्हती. सकाळी जे एक वाक्य बोलायला हवे होते, "चूक या बाईंची नाही, चादर जुनी आहे," ते आम्ही गिळले, ही चूक. तेवढे इंग्रजी आम्हाला येत होते. चादरीसाठी सहा मजले उतरण्याची हिंमत होती, माणसासाठी तोंड उघडण्याची झाली नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात मुलींच्या स्वच्छतागृहाची दुर्गंधी वर्गापर्यंत आली. सवयीने सफाईच्या मावशींवर चिडून आम्ही वहीत शेरा लिहायला घेतला आणि हात थांबला. आधी जाऊन पाहिले. टाकीत पाणी नव्हते, फिनेलची बाटली रिकामी होती. मावशी पटांगणाच्या नळावरून बादल्या भरभरून आणत होत्या. शेरा लिहिलाच, पण व्यवस्थापनाच्या नावे लिहिला आणि खाली दोघांनी सह्या केल्या. पाणी यायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस आम्हालाही थोडी बोलणी खावी लागली.

सहकारी अजून पॅरिसचे फोटो मागतात. आम्ही टॉवर दाखवतो. त्या बाईंचा फोटो आमच्याकडे नाही आणि त्यांच्या सलामचे देणे तसेच राहिले आहे.