मिथक, वाघ आणि सीमेचा करार

पर्यावरणाशी निगडित मिथक कादंबरीत आले, की त्यातून मानव व प्राणी यांच्या सुसंवादाचा अर्थ काढून आपली समीक्षा मोकळी होते. अमिताव घोष यांच्या सुंदरबनावरील ‘द हंग्री टाइड’ (२००४) या इंग्रजी कादंबरीचेही बहुधा असेच वाचन होते. ते अपुरे आहे.

बनबीबीला हिंदू व मुसलमान दोघेही मानतात. व्याघ्ररूप धारण करणाऱ्या दोख्खिन रायचा ती पराभव करते. मात्र त्याला ठार करीत नाही. अर्धे अरण्य त्याच्याकडेच राहते. पुढे मध-मेणाच्या लोभाने धोना गरीब दुखेला त्याच्या स्वाधीन करतो, तेव्हा देवी दुखेसाठी धावून येते. म्हणजे हे मिथक प्रेमाचे नव्हे, सीमेचे आहे. आणि सीमोल्लंघनाचे माप लोभ हे आहे.

हे ध्यानात घेतले म्हणजे कादंबरीतील सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग उलगडू लागतो. गोठ्यात अडकलेल्या वाघाला जमाव जिवंत जाळतो. डॉल्फिनची अभ्यासक पिया हादरते, ती विशेषतः त्या जमावात फोकीर दिसल्यामुळे. बनबीबीचा भक्त वाघ मारण्यात सामील कसा? मिथकाच्या तर्कात हा अंतर्विरोध नाहीच. रेषा वाघाने ओलांडली होती. पण या तर्काने कृत्य आकलनीय होते, समर्थनीय नव्हे. करारातील एक पक्ष मुका आहे आणि दोघांच्या वतीने कलमे माणसानेच लिहिली आहेत. भुकेल्या वाघाला लोभी कसे ठरवायचे?

हाच प्रश्न माणसाच्या बाजूनेही उभा राहतो. दंडकारण्यातून आलेल्या निर्वासितांना पश्चिम बंगाल सरकारने १९७९ मध्ये मरिचझांपी बेटावरून बळाने हुसकावले. आधार घेतला तो राखीव वनाचा. कादंबरीतील कुसुमचा संताप आहे तो दुरून केलेल्या प्राणिप्रेमावर, ज्याची किंमत तिच्यासारख्यांनी मोजायची. येथे लोभ नव्हता, गरज होती. मिथक दुखेला सुखरूप घरी पाठवते. ज्याला घरच नाही त्याच्यासाठी त्याच्याजवळ काही नाही.

आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये (१९८२) हा पेच उद्भवत नाही. वानरांच्या टोळ्यांतील संघर्ष, पिलांची हत्या हे सारे तेथे प्राण्यांच्याच पातळीवर राहते. (शीर्षक मात्र माणसांच्या राजकारणाचे!) घोष यांना ही सोय नाही.

म्हणूनच त्यांचा शेवट मला सोयीस्कर वाटतो. वादळात पियाला आपल्या देहाने झाकून फोकीर मरतो. त्याला ठाऊक असलेल्या जलवाटा तिच्या यंत्रात नोंदलेल्या राहतात आणि त्यांच्या आधारे ती संवर्धनाचा प्रकल्प आखते. जाळलेल्या वाघाचा विषय उपसंहारात निघत नाही.