सारथ्यावर भरवसा कशाने बसतो?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६३.

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामाने सॅन फ्रान्सिस्कोला गेलो, तेव्हा वेमोच्या टॅक्सीत बसलो. ड्रायव्हरची सीट रिकामी, स्टीअरिंग आपोआप फिरतंय. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, तरी पहिल्या वळणावर दाराचं हँडल घट्ट धरलं! मनात आलं, अर्जुनाला निदान सारथी दिसत तरी होता.

पण अर्जुनाचा भरवसा नुसत्या दिसण्यावर नव्हता. तो विचारत राहिला, अडला, तक्रारही केली. भगवंतांनी काही झाकलं नाही. आणि आजच्या श्लोकात, सगळं सांगून झाल्यावर, निर्णय त्याच्याच हाती सोपवला. चौथ्या अध्यायात संशयी माणसाला इशारा आहे, हे खरं. पण त्याच अध्यायात थोडं आधी, नम्रपणे प्रश्न विचारायलाही सांगितलंय.

आता त्याच शहरातली गोष्ट. २ ऑक्टोबर २०२३. माणूस चालवत असलेल्या एका गाडीने एका पादचारी महिलेला उडवलं आणि ती क्रूझ कंपनीच्या चालकविरहित गाडीसमोर पडली. त्या गाडीचीही धडक बसली. गाडी थांबली, मग कडेला जाताना तिला सुमारे २० फूट फरफटत नेलं. पहिली चूक यंत्राची नव्हतीच. पण केंद्रीय यंत्रणेला दिलेल्या अहवालात कंपनीने फरफटत नेल्याचं गाळलं. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाने परवाना निलंबित केला. २०२४ मध्ये खोटा अहवाल दिल्याचं कबूल करून ५ लाख डॉलर दंड मान्य करावा लागला. त्या डिसेंबरात मालक जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीवरचा खर्चच थांबवला.

लोक घाबरतात म्हणजे त्यांना टेक्नॉलॉजी कळत नाही, असं आम्हा इंजिनिअरांना वाटतं. खरं तर लोक एवढंच विचारतात: चूक झाली तर पूर्ण सांगाल ना?

हे वाचताना माझाच एक रिलीज आठवला. बग सापडला, पण क्लायंटला मी अर्धंच सांगितलं. खोटं बोललो नाही, फक्त पुढचं गाळलं. बग दोन दिवसांत सुटला. मन अजून सुटलेलं नाही.

आजचा संकल्प: आपल्या चुकीची झळ ज्याला बसते, त्याला ती पूर्ण सांगायची. त्याने विचारायच्या आधी. मी आज तो फोन करतोय. तुमचा कुठला फोन राहिलाय?

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥