अधिक मोल कोणासाठीं द्यावें?

दोन घरें शेजारींशेजारीं उभीं आहेत. एकाच्या भिंती व छप्पर ऊन आणि थंडी अडवितात, त्यामुळें इंधन कमी लागतें. परंतु त्याचें मोल अधिक. घेणाऱ्यानें तें द्यावें काय, हा प्रश्न हिशेबाचा कीं सदसद्विवेकाचा, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढें मांडितों.

हॉलंड देशांत २००८ सालापासून विकावयाच्या घरांस इंधनाच्या खर्चाप्रमाणें प्रतवारीचे दाखले मिळूं लागले. ब्राउनेन व कोक या विद्वानांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या शोधांत असें आढळलें कीं, वरच्या प्रतीचीं घरें तशाच इतर घरांहून सरासरी शेंकडा ३.७ अधिक मोलानें विकलीं गेलीं. यावरून तेथील लोक मोठे परोपकारी, असें कोणी समजूं नये. पुढें होणारी बचत त्यांनीं आगाऊ विकत घेतली, इतकेंच. हा व्यवहार सरळ आहे; मात्र त्यास दान म्हणणें बरें नव्हे.

खरी कसोटी निराळीच आहे. चंद्रपुराजवळ दगडी कोळसा जाळून वीज होते व तारांवरून दूर मुंबईच्या बाजूसही जाते. दिवा तिकडे लागतो. राख व धूर इकडच्या गांवांच्या वांट्यास येतात. घराचा सौदा ठरतो तेव्हां या गांवचा माणूस तेथें बसलेला नसतो. जे रुपये आपल्या घरीं कधींच परत येणार नाहींत, ते त्याच्याकरितां देणें हें कर्तव्य आहे, असें आमचें मत आहे. पण ज्याला ऐपत आहे त्याचें. कर्ज काढून दोन खोल्या उभारणाऱ्यास या कारणानें दोष देणें अन्याय होय.

शिवाय अधिक मोल पडतेंच असेंही नाहीं. इंग्लंडांत जन्मलेले स्थापत्यकार लॉरी बेकर १९४५ सालीं कुष्ठरोग्यांच्या कार्यासाठीं भारतांत आले व पुढें केरळांत स्थायिक झाले. विटा कडेवर उभ्या लावून मध्यें पोकळी ठेवण्याची जी रीत त्यांनीं रूढ केली, तींत सुमारें चौथा हिस्सा विटा वांचतात, आणि पोकळीमुळें आंत ऊष्माही कमी शिरतो. असली बिनगिलाव्याची भिंत पाहून आमच्यांतील कित्येक नाक मुरडतील, हें आम्ही जाणतों!

भाडेकऱ्याची गोष्ट अधिक बिकट. मालकानें छपरावर खर्च केला तर गारवा भाडेकऱ्यास मिळतो, बिलही त्याचेंच उतरतें. म्हणून मालक हात आखडतो. त्यानें भाडें वाढवावें, पण वांचलेल्या बिलाहून कमी, हें आम्हांस न्याय्य वाटतें. परंतु पत्र्याच्या ज्या खोलींत पंखाच नाहीं, तेथें बिल कोणतें वांचणार? तेथील गारवा कोणत्या खात्यावर मांडावा, हें मालकानें चैत्रांत भरदुपारीं त्या पत्र्याखालीं घटकाभर बसून ठरवावें.