गाडीतलं पाणी आणि नैयायिकांची नदी

जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर पुण्या-मुंबईच्या गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास येते. पायाखालचं मॅट उचललं की खालचं कार्पेट ओलं, दाबलं की बोटांशी पाणी, आणि बंद काचांआड कुबट वास. मालकाचं निदान घरूनच ठरलेलं असतं: दाराचं रबर गेलं. मेकॅनिक मान डोलावतो, सिलिकॉनची ट्यूब काढतो. पुढच्या सरीला गाडी पुन्हा दारात.

वरवर पाहता हा रबराचा आणि पैशांचा मामला. पण त्यातला प्रश्न आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतकं लढवला आहे. कार्य डोळ्यांसमोर आहे, कारण दिसत नाही. मग ‘हेच कारण’ असं म्हणायचा अधिकार माणसाला केव्हा मिळतो?

गौतमाच्या न्यायसूत्रांवर वात्स्यायनाने भाष्य लिहिलं. त्यात कार्यावरून कारण ओळखण्याचं उदाहरण पाण्याचंच आहे: नदी फुगलेली दिसली की वर कुठेतरी पाऊस झाला, असं अनुमान करावं. गंमत अशी, की या उदाहरणाला सुरुंग खुद्द सूत्रांतच लावलेला आहे. दुसऱ्या अध्यायातला आक्षेपक विचारतो, नदी अडवल्यामुळे पाणी तुंबलं असेल तर? त्यावर वात्स्यायन म्हणतो, नुसता फुगवटा हे चिन्हच नव्हे. धारेला वेग आला, फेस दिसला, पाण्याबरोबर फळं, पानं, लाकडं वाहत आली, तरच पाऊस म्हणावं. नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचा, दावा असा, की अनुमान खोटं पडत नाही. माणूस अर्धवट चिन्हाला पुरतं चिन्ह समजतो.

चांगला मेकॅनिकही आधी पाणीच पाहतो. चिकट असेल, गोडसर वास येत असेल, समोरच्या काचेवर आतून तेलकट धूसर थर धरत असेल, तर ते पावसाचं नव्हेच. हीटरमधून कूलंट गळतंय. स्वच्छ पाणी कोरड्या दिवशीही एसी लावल्यावर येत असेल, तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली. एरवी हे पाणी गाडीखाली ठिबकतं. बाहेर थेंब नाही आणि आत डबकं, एवढ्यावरून गोष्ट उलगडते. गढूळ पाणी, सोबत कुजलेल्या पानांचा चुरा? मग बोनेट उघडून वायपरखालची काउलची पन्हळ बघावी. रस्त्याकडेच्या झाडाखाली गाडी उभी करणाऱ्यांकडे ती पानांनी गच्च भरलेली सापडते.

बहुतेक मालकांना एक गोष्ट ठाऊक नसते. गाडीत पाणी शिरूच नये, अशी तिची रचना मुळात नाही. दाराच्या काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोकळीत उतरतंच आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. आतल्या पॅडमागे एक प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो, तो ते केबिनमध्ये येऊ देत नाही. स्पीकर बसवताना कोणी तो फाडला, की पाणी थेट कार्पेटवर. सनरूफचंही तेच. काचेच्या कडेने येणारं पाणी खालच्या ताटलीत जमतं आणि खांबांतून नेलेल्या बारीक नळ्यांनी खाली जातं. नळी तुंबली की छताचं अस्तर भिजतं, आणि दोष बिचाऱ्या रबराच्या माथी. दाराच्या तळाची भोकं ‘इथूनच पाणी येतं’ म्हणून सिलिकॉनने बुजवणारेही आहेत. त्यांच्या दारात मग तळं साचतं.

शोध घ्यायची रीत साधी आहे, वेळखाऊ आहे. कार्पेट आणि त्याखालचा फोम उचलून पत्रा कोरडा करायचा. एकाने टॉर्च घेऊन आत आडवं पडायचं, दुसऱ्याने बाहेरून नळीने हलकी धार सोडायची. एका वेळी एकच जागा, आणि सुरुवात खालून. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळ्या सांध्यांवरून जातो आणि सगळेच संशयित ठरतात. खालच्या सांध्यावर पाच मिनिटं धार, आत कोरडं. मग चार बोटं वर. कुठेतरी आतला माणूस ओरडतो, “थांब, आलं!” धार बंद केल्यावर थेंबही थांबला, सुरू केल्यावर पुन्हा आला, की झालं. नैयायिकांचे अन्वय आणि व्यतिरेक ते हेच: कारण असताना कार्य असणं, नसताना नसणं.

तरीही फसगत होते. अंगणात धार सोडली तर कोरडं, सोसायटीच्या उतारावर गाडी नाक खाली करून उभी केली की ओलं. पाऊस आहे म्हणून गळती, हा नियम इथे लंगडा पडतो. त्याला उताराची अट चिकटलेली आहे. अशा लपलेल्या अटीला न्यायशास्त्र उपाधी म्हणतं. तिथलं ठरलेलं उदाहरण ओल्या सरपणाचं: विस्तवाने धूर होतोच असं नाही, लाकूड ओलं असलं तरच होतो.

आता सिलिकॉनवाल्याचा युक्तिवाद. सगळीकडे लेप दिला, गळती थांबली, आणखी काय हवं? बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्य’ या ग्रंथात नैयायिकांना असंच कोंडीत पकडलं. बंद मुठीत किती कवड्या, असं विचारल्यावर कोणी नुसतं ठोकून दिलं ‘पाच’, आणि निघाल्या पाचच, तर ते ज्ञान झालं का? 1963 मध्ये एडमंड गेटियरने तीन पानी लेखात असाच पेच टाकला आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञांची झोप उडवली. लेप देऊन थांबलेली गळती ही मुठीतली कवडी आहे. शिवाय ऑक्टोबरात तर कुठलीही दुरुस्ती यशस्वीच ठरते!

मग संशय घेतच राहायचा का? नाही. दहाव्या शतकातल्या उदयन या नैयायिकाने मर्यादा घातली आहे: संशय आपल्याच वागण्याला छेद देऊ लागला की तो संपला. त्याच परंपरेतल्या गंगेशाने पुढे उदाहरणं जोडली. धूर हवा असला की माणूस विस्तवच आणतो, भूक लागली की अन्नच शोधतो. एकाच जागी धार सोडून, बंद करून, पुन्हा सोडून तेच दिसलं, तर त्यापुढे शंका काढणं हा वाद आहे, शोध नव्हे. त्याआधी थांबणं मात्र निव्वळ आळस.

तेव्हा गाडी ताब्यात घेताना दुरुस्त केलेल्या जागी, गळती झाली होती त्याच उतारावर, नळीची धार आपल्यासमोर सोडायला सांगा. आणि फोम पुरता वाळल्याखेरीज कार्पेट बसवू देऊ नका, नाहीतर जुनं पाणी नवी गळती म्हणून पुन्हा दिसेल.