काळाचा क्रम आणि काळाची लांबी

काळ ही स्वतंत्र वस्तू आहे, की घटनांच्या परस्परसंबंधाला आपण दिलेले नाव? वैशेषिकांनी काळाला द्रव्य मानले: एक, नित्य, सर्वव्यापी. ‘आधी’, ‘नंतर’, ‘एकाच वेळी’ अशा प्रतीतींवरून त्याचे अनुमान होते, असे ते म्हणत. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्याने उलट बाजू घेतली: क्षण खरा, पण क्षण जुळवून केलेले दिवस-रात्र ही बुद्धीची रचना. युरोपात न्यूटनने 1687 मध्ये निरपेक्ष काळ मांडला आणि लायब्निट्सने 1715-16 मध्ये न्यूटनची बाजू मांडणाऱ्या क्लार्कशी झालेल्या पत्रव्यवहारात तो खोडून काढण्याचा प्रयत्न केला. या वादात उपयोगी पडेल असा एक साक्षीदार अलीकडच्या काळात भेटतो. लिनक्स कर्नलमध्ये 2007 साली दाखल झालेल्या केव्हीएम या मॉड्यूलला व्हर्च्युअल मशीनसाठी टायमर उभे करावे लागतात. त्या कामात काळाचे दोन पदर वेगळे होतात: क्रम आणि लांबी. माझे म्हणणे एवढेच की क्रम आतून कळू शकतो. लांबी मात्र नेहमी बाहेरच्या कशाशी तरी ताडूनच कळते.

गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधली ऑपरेटिंग सिस्टीम, टायमरच्या रजिस्टरमध्ये आकडा लिहिते. मॉड्यूल ती मागणी होस्टच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या मूळ यंत्राच्या, टायमरवर नोंदवते आणि मुदत भरली की गेस्टला इंटरप्ट पोचवते. पण गेस्टचा प्रोसेसर होस्टच्या लेखी इतरांसारखाच एक थ्रेड. पाळी नसली की तो जागच्या जागी थांबतो. गेस्ट सेकंदाला 1000 ठोके मोजत असेल आणि 50 मिलिसेकंद त्याला पाळी मिळाली नाही, तर 50 ठोके थकतात. ते सोडून दिले तर त्याचे घड्याळ मागे पडते. घाईघाईने एकामागून एक दिले तर घड्याळ जुळते, पण ठोक्यांमधले अंतर खोटे ठरते. केव्हीएममधल्या 8254 टायमरच्या नकलेत यांपैकी कोणते धोरण पाळायचे ते ठरवता येते. दोन्हींत गेस्टमधल्या घटनांचा क्रम शाबूत राहतो. बिघडते ती लांबी. म्हणूनच होस्ट सामायिक मेमरीत आपली वेळ लिहून ठेवतो आणि गेस्ट ती वाचतो. तयार असूनही पाळी न मिळाल्याने किती वेळ गेला, हेही गेस्टला होस्टच सांगतो.

यावर पहिला आक्षेप असा की प्रोसेसरमधला टीएससी हा काउंटर चालूच असतो. गेस्टने तो वाचावा. पण गेस्टला दिसणाऱ्या आकड्यात मॉड्यूल हवा तो फरक मिसळू शकते, आणि तसे केले नाही तरी तो काउंटर गेस्टच्या हिशेबाबाहेरचीच हालचाल मोजतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: होस्टकडे खरी वेळ आहे, म्हणजे निरपेक्ष काळ सिद्ध झाला. पण होस्टही स्फटिकाची कंपने मोजतो आणि नेटवर्कवरून दुसऱ्या घड्याळांशी जुळवून घेतो. त्या साखळीच्या टोकाला सीझियमच्या 9,19,26,31,770 कंपनांची सेकंदाची व्याख्या आहे, आणि आंतरराष्ट्रीय अणुकाल शेकडो अणुघड्याळांची भारित सरासरी काढून ठरतो. टोकाला एखादे सर्वश्रेष्ठ घड्याळ सापडत नाही. सापडते ती अनेक घड्याळांची सहमती.

तिसरा आक्षेप तत्त्वज्ञ सिडनी शूमेकर यांच्या 1969 च्या लेखाचा आधार घेतो: काहीही न बदलता काळ जाणे कल्पनीय आहे. त्यांच्या कल्पित विश्वाचे तीन भाग ठराविक वर्षांनी आळीपाळीने गोठतात, त्यामुळे तिन्ही एकदम गोठण्याचे वर्षही गणिताने काढता येते. हे मान्य करावे लागते. सर्वव्यापी थांबा अशक्य आहे असे केव्हीएम सिद्ध करत नाही. अस्तित्व आणि ज्ञान हे वेगळे प्रश्न आहेत. पण शूमेकर यांचे अनुमानसुद्धा एका भागाने दुसऱ्याचे गोठणे पाहिले यावरच उभे आहे. तेव्हा वैशेषिकांचा निष्कर्ष खोटा ठरला नाही, तरी त्यांचा आधी-नंतरचा पुरावा जेमतेम क्रमापुरता पुरतो. आधी आणि नंतर यांवरून काळ आहे असे म्हणता येईल. तो किती गेला, हे त्यांवरून कधीच निघत नाही.