प्रेक्षणीय स्थळ

वर्ध्यास राहणाऱ्या माणसाला एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. सेवाग्रामच्या स्थानकावर, रस्त्यात, कधी आमच्या महाविद्यालयाच्या फाटकाशी कोणी परगावचा गृहस्थ बायकामुलांसह उभा असतो आणि विचारतो, "येथे पाहण्यासारखे आणखी काय आहे?" बापूकुटी त्याने पाहिलेली असते. माती आणि बांबू यांचे ते बसके घर पाहून त्याची किंचित निराशा झालेली असते, आणि ती लपविण्याइतका तो सभ्य असतो. मी त्याला पवनारचा आश्रम सांगतो, गीताई मंदिर सांगतो, आणि तो पाठमोरा झाला म्हणजे मनातल्या मनात रुसतो. याने आमचे गाव पाहिले म्हणजे नेमके काय केले?

गेल्या मे महिन्यात हाच प्रश्न माझ्यावर उलटला. आमच्याकडचा उन्हाळा ज्याने सोसला आहे त्याला मे महिन्यात समुद्र का आठवतो हे सांगावयास नको. आम्ही उभयता, मुलगा आणि मुलगी असे चौघे आगगाडीने निघालो. मनमाडास गाडी बदलून छत्रपती संभाजीनगर, तेथून मुंबई आणि मुंबईहून कोकण रेल्वेने रत्नागिरी, असा बेत होता. प्रवासाचे वर्णन करण्याचा माझा विचार नाही. देवगिरीचा किल्ला आम्ही दोन तासांत पाहिला, ही कबुली त्या बाबतीत पुरेशी आहे. महंमद तुघलकाने १३२७ साली आपली राजधानी दिल्लीहून तेथे हलविली आणि त्या पायी दिल्लीच्या लोकांची जी फरपट झाली, ती मी मुलांना अंधारीच्या तोंडाशी उभे राहून सांगितली. मुलांचे लक्ष वटवाघळांकडे होते.

रत्नागिरीस आम्ही थिबा राजाचा वाडा पाहिला. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले. पुढल्या वर्षी त्याला रत्नागिरीस आणले आणि १९१६ साली तो तेथेच वारला. वाडा पुरा झाला तो १९१० च्या सुमारास, म्हणजे कैदेची बहुतेक वर्षे सरल्यावर. वाड्यातून खाडीकडे पाहत माझी पत्नी म्हणाली, "किती सुरेख दिसते हो!" आणि लगेच गप्प झाली. आमच्या वाटेवरची ही दोन्ही ठिकाणे सक्तीच्या प्रवाशांनी प्रसिद्धीस आणलेली आहेत, हे त्या क्षणी माझ्या ध्यानी आले. ज्यांना तेथे यावयाचे नव्हते त्यांच्या दुःखाचे अवशेष आम्ही सुटीत पाहत होतो. यात पाप आहे असे मला वाटले नाही, अजूनही वाटत नाही. मेलेल्यांना आपल्या पाहण्याने इजा होत नाही. परंतु जिवंतांचे काय?

दुसऱ्या दिवशी आम्ही पूर्णगडास गेलो. मुचकुंदी नदीच्या खाडीच्या मुखाशी हे लहानसे गाव आहे, आणि वर तसाच लहानसा किल्ला. उतरताना वाटेत एका अंगणात एक म्हातारी सुकत घातलेली मासळी परतीत बसली होती. मागे माडांची रांग, पलीकडे पाणी. माझ्या मुलाने खिशातून मोबाईल काढला आणि तिचे दोन-तीन फोटो घेतले. तिने मान वर केली, रागावली नाही, आणि हाताने पत्नीला जवळ बोलाविले. कोठून आलात, मुले किती, मुलगी कितवीत आहे, हे सगळे विचारून झाले. वर्धा हे नाव ऐकताच ती थोडी थांबली. मग तिने विचारले, "म्हणजे शेतकरी जीव देतात तिकडचीच ना तुम्ही?"

त्या प्रश्नात कुत्सितपणा नव्हता. होती ती कणवच. तरीही मला तो झोंबला. माझ्या जिल्ह्यात कपाशी आहे, संत्री आहेत, नद्या आहेत, मी तीस वर्षे तेथे काव्य शिकवीत आहे. आणि या बाईच्या लेखी आम्ही सर्व मिळून एक गळफास होतो! मी प्रतिवाद करावयास निघालो आणि थबकलो. ती म्हणाली ते खोटे नव्हते. शिवाय मी तरी तिच्यात काय पाहिले होते? माड, मासळी आणि एक सुरकुतलेला चेहरा.

गांधीजींनी १९०९ साली बोटीवर लिहिलेल्या 'हिंद स्वराज्या'त आगगाडीवर कडक टीका केली आहे. पूर्वी तीर्थास जाणे कष्टाचे होते, म्हणून खरे भाविकच जात. आगगाडीमुळे वाटेल तो जाऊ लागला आणि तीर्थे बिघडली, असा त्यांचा एक मुद्दा आहे. पुढे त्यांनी स्वतः तिसऱ्या वर्गाने देशभर प्रवास केला, आणि त्यांच्यामुळेच आमच्या सेगावचे सेवाग्राम होऊन तेथे प्रवासी उतरू लागले, ही गोष्ट निराळी. मला हा मुद्दा पटत नाही. कष्टाने दृष्टी शुद्ध होते याला पुरावा काय? १८५७ साली वरसईहून पायी निघालेले विष्णुभट गोडसे भक्तीसाठी निघाले नव्हते. घरी कर्ज होते आणि उत्तरेत यज्ञाची दक्षिणा मिळण्यासारखी होती. तथापि 'माझा प्रवास' वाचताना झाशी आपल्याला तिच्या माणसांसकट दिसते. याचे कारण मला असे वाटते की, भटजींना प्रत्येक मुक्कामी कोणाच्या तरी ओसरीवर जागा मागावी लागली. तुम्ही कोण, कोठले, कशाला आलात, याची उत्तरे द्यावी लागली. गावाला त्यांना नाही म्हणता येत होते. ते पाहत होते आणि त्यांनाही पारखले जात होते.

आम्हाला कोणी काही विचारीत नाही. जागा महिना-दोन महिने आधी राखून ठेवलेली, खोलीचे पैसे अगोदर भरलेले. आम्ही पाहतो तेव्हा आमच्याकडे पाहणारा कोणी नसतो. कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा आहे. तेवढ्या वेळात खिडकीच्या काचेत फक्त आपलेच तोंड दिसत राहते, आणि मुलांना ते फार कंटाळवाणे वाटले. पैसे देऊन घेतलेल्या या सोयीविरुद्ध मी बोलत नाही. कोकणात आगगाडी १९९८ साली पुरी सुरू झाली, आणि ती नसती तर माझ्यासारख्याने पूर्णगड पाहिलाही नसता. मात्र या सोयीबरोबर एक सूट आम्ही गुपचूप घेतली आहे, विचारले जाण्यातून सूट. म्हातारीने ती मान्य केली नाही, एवढेच.

आमच्याच जिल्ह्यातील डोरली या गावाने २००५ साली 'गाव विकणे आहे' अशी पाटी लावली होती. कर्जाने आणि कापसाच्या भावाने टेकीस आलेल्या लोकांचा तो आक्रोश होता. ती पाटी पाहावयास लोक गेले. मीही गेलो होतो. पाटी वाचली, हळहळलो आणि घरी येऊन दोन-चार मित्रांना तिचे वर्णन करून सांगितले. तेथे एका शेतकऱ्याने पाणी पुढे केले होते. ते मी प्यालो. त्याच्याकडे किती शेती होती, कर्ज कोणाचे होते, यातले एक अक्षरही मी विचारले नाही. विचारणे अनुदार होईल असे तेव्हा वाटले. आता वाटते, तो संकोच निव्वळ सोयीचा होता. विचारले असते तर त्यानेही मला विचारले असते: गुरुजी, तुमचा पगार किती?

परत आल्यावर मुलीने त्या म्हातारीचा एक फोटो छापून आणला. फोटो खरोखरीच चांगला आला आहे. तिने मान वर केली त्या क्षणाचा. तो तिला पाठवावा असे सर्वांच्या मते ठरले. पत्नीने पाकीट आणले, त्यात पसाभर तुरीची डाळही घालावी असा तिचा आग्रह होता. तेव्हा पाकिटाऐवजी पुडके झाले. मुलगी पत्ता लिहावयास बसली. मुक्काम पोस्ट पूर्णगड, जिल्हा रत्नागिरी, एवढे लिहून तिने वर नावाची जागा कोरी सोडली आणि माझ्याकडे पाहिले. मी पत्नीकडे पाहिले. त्या बाईने आमचे गाव, जिल्हा, मुलांची नावे, मुलीची इयत्ता, सगळे विचारून घेतले होते. पुडके अजून माझ्या टेबलावर आहे.